जुन्या पॉलिशवर ऑइलपेंट: काचपेपर की रिमूव्हर?

पॉलिशचं कपाट किंवा दिवाण रंगवायला काढला की पहिला प्रश्न हाच: जुना थर रिमूव्हरने (जुना रंग-पॉलिश फुगवून सोडवणारं रसायन) पूर्ण काढायचा, की काचपेपरने नुसती चमक घालवायची? दोन्हींनी काम होतं. लाकूड काय आहे आणि घासायला जागा किती, यावर बरंच ठरतं.

पापुद्रे सुटलेलं वॉर्निश किंवा थरावर थर चढलेला जुना रंग असेल, तर रिमूव्हरला तोड नाही. ब्रशने जाड थर द्यायचा, 15-20 मिनिटं थांबायचं, फुगलेलं पत्तीने खरवडायचं. मेलामाइन (कडक थराचं पॉलिश) मात्र रिमूव्हरच्या एकाच थराने सहसा सुटत नाही. वास उग्र, वाफ जमिनीलगत साचते. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनी खोलीत घेतलेली असेल तर हे काम नकोच.

माझा कल काचपेपरकडे वळला तो रिमूव्हरमधल्या मेणामुळे. रिमूव्हर चटकन उडून जाऊ नये म्हणून बहुतेकांत मेण घातलेलं असतं. सपाट फळीवरून ते थिनरच्या चिंधीने निघतं. दाराच्या पट्टीची खाच, नक्षी, सांधे इथे ते दडून राहतं आणि दिसतही नाही. प्रायमर बसल्यासारखा वाटतो, रंगही झकास दिसतो. मग काही महिन्यांनी नेमका त्या खाचेतूनच रंग नखाने सोलून निघतो. थिनर आणि जुना टूथब्रश, मग स्वच्छ चिंधी, पुन्हा थिनर, एवढं प्रत्येक खाचेत करावं लागतं. खरवडताना वाचलेला वेळ तिथेच जातो.

काचपेपरला धूळ आहे, हात दुखतो, पण गडबड झाली तर ती लगेच दिसते. आधी साबणाच्या कोमट पाण्याने पुसून वाळवा, मग टर्पेंटाइनची चिंधी फिरवा; तेलकटपणा तसाच ठेवून घासलं तर तो पृष्ठभागावर पसरतो. 150 नंबरच्या काचपेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा, मग 220 ने. लाकूड उघडं पाडायचं नाही, सगळीकडे सारखा मंदपणा आला की पुरे. कुठे चमकता ठिपका उरला तर तिथेच रंग सुटणार. प्लायवरचं व्हिनियर, म्हणजे वरचा लाकडाचा पातळ थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, म्हणून कडांना मशीन लावू नका. कागद चिकट होऊन भरत असेल तर ते चपड्याचं (लाखेचं) पॉलिश समजा. ते स्पिरिटच्या चिंधीने उतरवलेलं बरं.

सागाचं लाकूड कुठे उघडं पडलं, तर पांढऱ्या रंगातून तपकिरी डाग वर येतात. तिथे मेणविरहित चपड्याचा एक हात आधी द्यावा. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत थर वाळता वाळत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे.

ठरत नसेल तर आतल्या बाजूला ब्लेडने फुलीच्या चिरा मारा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पॉलिश जागेवर राहिलं तर काचपेपर घ्या. पट्टीबरोबर पापुद्रे आले तरच रिमूव्हरचा डबा उघडा.