६४ जीबीची म्हणून विकलेली १६ जीबीची कार्डे

ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर चालू-बंद करणारी यंत्रे मी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर तयार करतो आणि निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत बसवतो. त्यांच्यासाठी मुंबईतील एका दुकानदाराकडून, नामांकित कंपनीचा छाप असलेली ६४ जीबीची २४ मेमरी कार्डे मी प्रत्येकी ४१० रुपयांप्रमाणे ९,८४० रुपयांना घेतली. दीड महिन्यात ११ यंत्रे बंद पडली आणि ऐन फुलोऱ्यातील एका बागेला दोन दिवस पाणी मिळाले नाही.

कार्डांच्या आत चिप १६ जीबीचीच होती. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा नाहीसा होत होता आणि कार्ड मात्र तो लिहिला गेल्याचेच कळवत होते.

पहिल्या कार्डावर ५ जीबीची सिस्टीम, म्हणजे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर, लिहायला १७ मिनिटे लागली, तेव्हाच मला समजायला हवे होते. कार्डावर यू३ छापलेले होते, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी वेग. काम तीन मिनिटांच्या आत व्हायला हवे होते. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकताना मी पाहत होतो आणि दोष जुन्या कार्ड रीडरला देत होतो. मी निष्काळजी नव्हतो. प्रत्येक यंत्र पाच दिवस घरी चालवूनच बागेत नेले होते, पण तेवढा डेटा खऱ्या १६ जीबीत सहज मावत होता. एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने कार्ड पूर्ण भरून परत वाचल्याशिवाय ते यंत्रात घालू नका.

दुकानदाराने आधी वीजपुरवठ्याला दोष दिला, नंतर फोन घेणेच बंद केले. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ‘रक्कम किरकोळ आहे, ग्राहक मंचाकडे जा’ असे सांगण्यात आले. तक्रार केंद्राने माझी खरेदी व्यावसायिक ठरवून हात झटकले. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सवलत आहे, हे मी कलमासह दाखवले, तरी उत्तर बदलले नाही. कंपनीच्या सेवा केंद्राने कार्ड बनावट असल्याचे तोंडी मान्य केले, परंतु लेखी देण्यास नकार दिला. लेखी नाही म्हणून पोलीस नाहीत आणि पोलिसांची नोंद नाही म्हणून लेखी नाही! जीएसटीचे पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका; माझ्याकडे साध्या कागदावरची पावतीच होती.

शेतकऱ्यांना परत केलेले १४,००० आणि फेऱ्यांचे ६,१५० रुपये धरून माझे २९,९९० रुपये गेले. अस्सल कार्डही सततच्या लिखाणाने झिजते, म्हणून लॉग, म्हणजे यंत्राच्या कामाच्या नोंदी, रॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीत) ठेवा आणि सिस्टीमचा भाग केवळ वाचण्यापुरता खुला ठेवा. त्या दुकानातील १३ कार्डे अजून बागांत चालू आहेत; ती बदलायला मी रविवारी निघत आहे.