दुकानवाला म्हणाला जर्मन शॅम्पेन, एकदम ड्राय

ताई-भावोजींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बूच उडवायला काहीतरी हवं होतं, खरी शॅम्पेन खिशाला झेपणारी नव्हती, मग पणजी मार्केटजवळच्या एका दुकानातून जर्मन सेक्ट, म्हणजे तिथली फेसाळ वाईन, उचलली. दुकानवाला म्हणे ‘जर्मन शॅम्पेन आहे, एकदम ड्राय’. दोन्ही चूक!

शॅम्पेन हे नाव फक्त फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या वाईनचं, आपल्या काजू फेणीला २००९ ला जीआय (नाव त्या-त्या भागापुरतंच राखणारी नोंदणी) मिळाला तसंच, आणि जर्मनांना तर १९१९ च्या व्हर्सायच्या तहातच ते नाव सोडावं लागलं. आता ड्रायचं बघा. लेबलवर ‘ट्रोकन’ लिहिलेलं, म्हणजे ड्राय, गोड नसलेली, पण फेसाळ वाईनमध्ये ट्रोकन म्हणजे लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर. साध्या वाईनला तोच शब्द असेल तर फार तर ९ ग्रॅम. खरंच कमी गोड हवी असेल तर ‘ब्रूट’ शोधा, ती १२ च्या खाली असते.

बाकी सेक्ट हे नावच घोळातून आलंय म्हणतात. १८२५ च्या सुमारास बर्लिनला लुडविग देव्रिएंट म्हणून मोठा नट होता, शेक्सपियरच्या ‘हेन्री चौथा’मधला फॉलस्टाफ करायचा. नाटकात फॉलस्टाफ ‘सॅक’ मागतो, ती स्पेनची शेरीच्या जातीतली वाईन, बुडबुडा नावाला नाही, जर्मनमध्ये तिचं झालं सेक्ट. तर हा बाबा प्रयोग संपल्यावर लुटर उंड वेग्नर नावाच्या अड्ड्यावर बसायचा, एकदा तिथेही फॉलस्टाफच्याच थाटात ओरडला ‘सेक्ट आण रे’, वेटरला माहीत की हा नेहमी शॅम्पेनच पितो, त्याने मुकाट तीच आणून ठेवली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

चवीला? हिरवं सफरचंद, थोडं लिंबू, मग तो गोडवा. नुसती प्यायला मला कंटाळवाणी वाटली, पण ताईने तिखट मसाला लावलेली सुंगटं (कोळंबी) रव्यात तळून आणली त्यांच्याबरोबर मात्र मस्त लागली, तिखटावर तो गोडवा बरोब्बर बसला, भावोजींनी तर फेणीकडे बघितलं पण नाही.

पाचातले साडेतीन. अर्धा स्टार दुकानाने घालवला, बाटली काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी होती, घरी आणून चार तास फ्रिजमध्ये ठेवली तेव्हा कुठे प्यायच्या लायकीची झाली. पुढच्या वेळी ब्रूट, आणि ती पण आतल्या खोक्यातली काढून मागणार.