गावरान टोमॅटोची रोपं: चव अस्सल, साल नाजूक

जळगाव-धुळ्याकडं रोपवाटिकेत ‘गावरान’ अशी पाटी दिसली म्हणून लगेच ट्रे उचलू नका. आधी कच्चं फळ दाखवायला सांगा. देठाजवळ गर्द हिरवा खांदा हवा. तो दिसला तर जीएलके-२, म्हणजे फळात हरितद्रव्य वाढवणारं जनुक, शाबूत. एकसारख्या रंगाच्या संकरित वाणांत बहुधा हेच मोडलेलं असतं, त्यामुळं फळातलं हरितद्रव्य कमी आणि साखरही कमी. २०१२ साली याचा उलगडा झाला. नुसत्या साखरेनं चव येत नाही म्हणा, वासही लागतो. फ्रिजच्या थंडीत वासाची जनुकं मंदावतात, म्हणून पिकलेली फळं माठाशेजारी टोपलीतच ठेवा.

तोटे? साल पातळ. आठवडाभर ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडलं की देठाभोवती फळ तडकतं. थोडं थोडं, नेमानं द्या. पांढरी माशी आली की पानं गुंडाळतात, प्रतिकार फारसा नाही. दिवाळीच्या सुमारास लावा. खानदेशी मे महिन्यात फुलं गळतातच. वांगी काढलेल्या वाफ्यात तर नकोच, मर रोग तिथंच दबा धरून असतो.

घरच्या चटणीला पाचपैकी साडेचार. बाजारात पाठवायला दोन.