टोमॅटोच्या पानांचा रोग सांगणारं ॲप: सात महिन्यांनंतर

ऑगस्टच्या अखेरीला विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर सहा ग्रो बॅगांत टोमॅटो लावले आणि त्याच आठवड्यात फोटोवरून रोग ओळखणारं एक ॲप मोबाईलवर घेतलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण सांगायचंय ते बहुतेक सगळ्याच ॲप्सना लागू पडावं.

सप्टेंबरच्या पावसात खालच्या पानांवर डाग आले. एकाच पानाचे तीन फोटो काढले, तर उत्तरंही तीन: लवकर येणारा करपा, सेप्टोरिया (हाही पानांवर डाग पाडणारा बुरशीजन्य रोग) आणि सावलीतल्या फोटोला चक्क मॅग्नेशियमची कमतरता! वैतागून पान तोडलं आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ठेवून फोटो घेतला. मग मात्र दर वेळी सेप्टोरियाच. २०१६ साली आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात ५४,३०६ फोटोंवर काम झालं होतं. त्यात संगणकाच्या मॉडेलने ९९.३५ टक्के पानं बरोबर ओळखली, पण ते फोटो तोडलेल्या पानांचे, साध्या पार्श्वभूमीवरचे होते. वेगळ्या परिस्थितीतले फोटो दिल्यावर तोच आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास आला. हे वाचल्यापासून कॅलेंडरचं पान गच्चीच्या दाराशीच टांगलंय.

दिवाळीत तासगावचे मामा आले. त्यांची द्राक्षबाग, डावणी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाशी जन्माचं वैर. मी मोबाईल पुढे केला तर म्हणाले, "अगं, वरनं काय बघतीस? पान उलटं कर की!" मग खाली वाकून त्यांनी सगळ्यात जुनं पान धरलं आणि विचारलं, "सुरुवात कुठनं झाली? खालनं का शेंड्याकडनं?" हा प्रश्न ॲपने मला एकदाही विचारला नव्हता.

त्यानंतर दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घेतलं. सेप्टोरियाचा डाग लहान, मधे राखाडी, कडेला गडद. भिंगातून त्या राखाडी भागात बारीक काळे ठिपके दिसतात. लवकरच्या करप्यात डाग मोठा, आत एकात एक वर्तुळं आणि भोवती पिवळेपणा. दोन्ही खालच्या पानांपासून वर चढतात, म्हणून फोटोत गल्लत होते. उपाय मात्र मी दोन्हींना एकच केला: डागाळलेली पानं काढून कचऱ्यात, पाणी सकाळी आणि फक्त बुडाशी, मातीवर उसाच्या पाचटाचा थर, म्हणजे माती पानांवर उडत नाही. ॲप सुचवतं ती औषधं एकराच्या हिशोबाची. सहा बॅगांसाठी ती कोण आणणार?

एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात बगलफूट (पानांच्या बेचक्यातून येणारी फूट) जरा जास्तच काढली आणि खालची पानं सुरळीसारखी वळली. ॲपने ठामपणे लीफ कर्ल, म्हणजे पानं वळवणारा विषाणू सांगितला, आणि विषाणूवर औषध नाही हे माहीत असल्याने मी फळं धरलेलं झाड उपटून टाकलं. ते निरोगी होतं! ऊन आणि छाटणीच्या ताणाने जुनी पानं अशी वळतात, पण हिरवीच राहतात. खरा लीफ कर्ल जानेवारीत दुसऱ्या लावणीत आला तेव्हा फरक कळला: शेंड्याची नवी पानं बारकी, कडा पिवळ्या आणि वर वळलेल्या, झाड खुरटलेलं, पानामागे पांढरी माशी. या वेळी ॲपचं उत्तर बरोबर होतं, पण झाड उपटायच्या आधी मी दोन दिवस थांबले. आता त्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावलेत. पुढच्या वेळी 'अर्का रक्षक' लावायचा विचार आहे. बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचा हा संकरित वाण लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे.

पान पोखरणाऱ्या नागअळीची पांढरी नागमोडी रेघ ॲप झटकन ओळखतं. ती तर शेजारच्या काकूही चष्म्याशिवाय ओळखतात. लाल कोळी ही बारीक कीड मात्र त्याने 'अन्नद्रव्यांची कमतरता' म्हणून दोनदा खपवली. पान कागदावर झटकलं तर ठिपके चालायला लागले.

ॲपची वर्षाची वर्गणी ऑगस्टमध्ये संपते; भरणार नाही, फुकटात मिळतं तेवढं पुरे. भिंग परवा मामा तासगावला घेऊन गेले. दुसरं मागवलंय.