नळाचा एरेटर: सिंकवर उपयोगी, बादलीवर व्यर्थ

नळाच्या तोंडाला फिरवून बसवायचा एरेटर, ज्याला प्लंबर नुसते ‘जाळी’ म्हणतात, हार्डवेअरच्या दुकानात शे-दीडशे रुपयांना मिळतो. 2024 च्या मार्चमध्ये बंगळूरुच्या पाणीटंचाईत तेथील जलमंडळाने व्यापारी संकुले, हॉटेले आणि सार्वजनिक वापराच्या जागी तो सक्तीचा केला आणि त्यानंतर मुंबईतल्या सोसायट्यांमध्येही त्याची चौकशी वाढली. आमच्या घरी तो स्वयंपाकघरातील सिंक, वॉशबेसिन आणि न्हाणीघर अशा तिन्ही ठिकाणी लावून वापरला आहे. वस्तू चांगली आहे आणि ती घ्यावी असेच मी सांगेन, मात्र घरातल्या प्रत्येक नळाला सरसकट लावण्याचा आग्रह कोणी करत असेल तर तो मानू नये.

यात कोणतीही यंत्रणा नाही. आत भोके असलेली एक चकती पाण्याची वाट अरुंद करते, कडेच्या फटींतून हवा आत ओढली जाते आणि जाळीतून बाहेर पडणारी धार पांढरट, फेसाळ आणि मऊ होते. पूर्ण उघडलेला साधा नळ मिनिटाला 10 ते 15 लिटर पाणी सोडतो. एरेटर मिनिटाला 3, 6 किंवा 8 लिटर अशा मापांत मिळतात. हवेमुळे धार भरीव राहते, त्यामुळे 6 लिटरच्या एरेटरखाली हात किंवा भाजी धुताना पाणी कमी पडल्यासारखे वाटत नाही. फवारा उडवणारा आणखी एक प्रकार मिनिटाला जेमतेम लिटरभर पाणी देतो. तो वॉशबेसिनवर हात धुण्यापुरता ठीक आहे, पण सिंकवर लावला तर पातेल्याला चिकटलेले खरकटे निघत नाही आणि भांडी घासणाऱ्या ताई दोन दिवसांत तो काढून ठेवायला सांगतात, ते योग्यच आहे.

खोक्यावर ठळकपणे छापलेली ‘80 टक्के बचत’ नीट समजून घ्यायला हवी. ती टक्केवारी धारेची असते, घराच्या एकूण वापराची नव्हे. एरेटर पाणी वाचवतो ते फक्त नळ वाहता असतो तिथे, म्हणजे भांडी विसळताना, भाजी धुताना, तोंड धुताना. आपल्याकडे बहुतेक घरांत आंघोळ बादलीने होते, आणि 15 लिटरची बादली एरेटर लावला तरी 15 लिटरनेच भरते. फक्त दुप्पट वेळ लागतो आणि सकाळच्या घाईत घरातल्यांची चिडचिड होते. हंडा, पिंप, कपड्यांचे टब यांचेही तसेच. म्हणून न्हाणीघरातील खालच्या नळाचा एरेटर मी काढून टाकला. शॉवरने आंघोळ करणाऱ्यांना कमी प्रवाहाचा शॉवर घेऊन खरा लाभ होईल, पण ती वेगळी वस्तू आहे. फ्लशच्या पाण्याला तर एरेटरचा स्पर्शही होत नाही. जुन्या टाक्या एका वेळी 10 लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सोडतात, तर दोन बटणांच्या नव्या टाक्या 3 आणि 6 लिटरमध्ये काम करतात. मोठी बचत हवी असेल तर पैसे आधी तिथे खर्च करावेत.

आता बिलाचा प्रश्न. सिंकवरचा नळ दिवसभरात मिळून 15 मिनिटे वाहतो असे धरले आणि त्याची धार मिनिटाला 12 लिटरवरून 6 वर आणली, तर दिवसाला 90 लिटर आणि महिन्याला 2,700 लिटर पाणी वाचते. मुंबई महापालिकेची घरगुती पाणीपट्टी टप्प्यांनी चढते: माणशी रोज 150 लिटरपर्यंत मूळ दर, 200 पर्यंत दुप्पट, 250 पर्यंत तिप्पट आणि त्यापुढे चौपट. वाचलेले पाणी नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजेच सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होते, आणि माणशी 150 लिटर ओलांडणाऱ्या इमारतींना ही बचत म्हणूनच जाणवते. अडचण अशी की बहुतेक इमारतींना एकच मीटर असतो आणि बिल सदनिकांत वाटले जाते, त्यामुळे एकट्या कुटुंबाने केलेल्या काटकसरीचा त्याच्या वाट्याला येणारा हिस्सा नगण्य ठरतो. हा विषय कार्यकारिणीने हाती घेऊन सर्वांच्या सिंकवर एकदम एरेटर बसवले, तरच देखभाल खर्चात फरक दिसेल. टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांना तर तो लवकर दिसेल, कारण 10,000 लिटरचा प्रत्येक टँकर रोख पैशांत मोजावा लागतो. सिंकला गीझरची जोडणी असल्यास विजेचीही थोडी बचत होते: 10 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला सुमारे पाव युनिट वीज लागते.

मजल्याचा विचार न करता खरेदी करणाऱ्यांची निराशा होते. गच्चीवरील टाकीपासून दर 10 मीटर खाली गेल्यावर पाण्याचा दाब साधारण 1 बारने वाढतो. म्हणून तळमजल्यावर 3 लिटरचा एरेटरही जोमाने चालतो, तर टाकीखालच्या शेवटच्या मजल्यावर त्यातून जेमतेम करंगळीएवढी धार येते. वरच्या मजल्यांवर 8 लिटरचाच घ्यावा किंवा नाद सोडावा. थोडे जास्त पैसे देऊन दाबानुसार आकुंचणारी रबरी कडी असलेला एरेटर मिळत असेल तर मधल्या आणि खालच्या मजल्यांसाठी तो उत्तम, कारण दाब बदलला तरी धार जवळपास तेवढीच राहते. गॅस गीझर असलेल्या घरांनी मात्र सावध राहावे: प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला तर तो पेटतच नाही. वॉशिंग मशीनच्या नळाला एरेटर लावण्यात काही अर्थ नाही.

देखभालीचा त्रास आहे, पण तो मोठा नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात जाळीवर क्षारांचा थर बसतो आणि धार वाकडी उडू लागते. एरेटर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात ठेवावा आणि जुन्या टूथब्रशने घासावा. टाकी धुतल्यानंतर रेती अडकते, तेव्हाही हेच करावे. प्लास्टिकच्या आट्यांचा एरेटर वारंवार उघडल्यावर झिजतो आणि कडेने पाणी झिरपू लागते, म्हणून पितळी घराचा घेणे परवडते.

खरेदीला जाण्यापूर्वी नळाचे आटे पाहून घ्यावेत: आटे आतून असतील तर सहसा 24 मिलिमीटरचा एरेटर बसतो, बाहेरून असतील तर 22 चा. जुन्या पितळी तोटीला आटेच नसतात, आणि तिच्यासाठी दाखवले जाणारे रबरी जोड जोरदार दाबाखाली निसटतात. अशा तोटीवर एरेटरचे पैसे घालवण्यापेक्षा आटे असलेला नवा नळ घेणे बरे.