मामाच्या घरावर कौलं की पत्रा?

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी मामाचं जुनं घर आहे, आजोबांनी बांधलेलं. धरण १९२६चं, घर त्यानंतरचं. यंदा छप्पर उतरवायला मी आठ दिवस गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी वाद सुरू झाला.

मामाचा जीव मंगलोरी कौलांत. उन्हाळ्यात माळा थंड राहतो, चुलीचा धूर फटींतून निघून जातो, एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं. पण दर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलं पुन्हा नीट बसवणं, आली. त्यात माकडं! एक उडी, चार कौलं सरकलेली, आणि आषाढात नेमकी अंथरुणावर धार. शिवाय वजन. सागाचे वासे अजून खणखणीत होते, पण कौलांखालची रीप, म्हणजे आडवी लाकडी पट्टी, बोटानं दाबली की भुसा गळायचा.

पत्रा हलका, दोन दिवसांत चढतो. मात्र इथल्या पावसात त्याखाली बोलायचं म्हणजे ओरडायचंच. आणि स्क्रूचा रबरी वायसर कडकला की गळती तिथूनच.

माझं मत सरळ होतं: मुख्य घरावर नव्या रिपा घालून कौलं, पडवीवर पत्रा. मामा म्हणाला, "पडवीत तर मी झोपतो रे!"