कुडाळजवळच्या बचत गटाचं आगळ, आमसूल आणि मुठेल: वर्षभर वापरून मग लिहितेय

गेल्या मे महिन्यात गावी गेले होते तेव्हा कुडाळच्या पुढे आतल्या रस्त्याला एका बचत गटाच्या शेडमधून तीन वस्तू घेतल्या होत्या, आगळाच्या दोन बाटल्या, पाव किलो आमसुलं आणि मुठेलाचा एक गोळा. आता परत मे तोंडावर आलाय, सगळं संपलंय, नवीन ऑर्डर पण दिलीय, म्हटलं आता तरी नीट लिहावं कारण ही चांगली वस्तू आहे आणि जास्त लोकांपर्यंत जायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी आगळ. बरेच जण आगळ आणि कोकम सिरप एकच समजतात, तसं नाहीये. सिरपमध्ये साखर असते, आगळ म्हणजे रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घालून काढलेला रस, त्यात साखरेचा कण पण नसतो आणि सोलकढीला तेच लागतं. बाजारातल्या स्वस्त सिरपच्या बाटलीवरचं लेबल एकदा वाचा, पहिलं नाव साखरेचं, कोकम कुठेतरी मागे. यांच्या बाटलीवर दोनच शब्द आहेत, रातांबा आणि मीठ. एका नारळाच्या दुधाला मी तीन चमचे घालते, वर लसूण-मिरची ठेचून, कोथिंबीर, बास. रंग छान गुलाबी येतो, भडक नाही. फक्त एक लक्षात ठेवा, आगळात मीठ बऱ्यापैकी असतं त्यामुळे कढीत वरून मीठ घालायच्या आधी चाखा, पहिल्या वेळी माझी अख्खी कढी खारट झाली होती. बाटली फ्रीजच्या बाहेर होती वर्षभर, शेवटच्या वाटीपर्यंत वास बदलला नाही.

आमसुलं जाड आणि मऊ आहेत, काळपट लाल. दुकानातली कडक चामड्यासारखी येतात ना तशी नाहीत. सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, वाळत आली की परत रसात, अशी चार-पाच पुटं देतात, त्यामुळे आमटीला एखादं आमसूल पण पुरतं. एकदा दाताखाली कचकच लागली, तेव्हापासून धुऊन टाकते.

आणि मुठेल! हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रातांब्याच्या बियांतून निघणारं हे तेल, पण थंड झालं की मेणासारखं घट्ट होतं आणि साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे डब्यात घट्ट आणि अंगावर चोळलं की विरघळतं. माझ्या सासूबाईंच्या टाचा थंडीत रक्त येईपर्यंत फुटायच्या, यंदा रोज रात्री गरम पाण्यात पाय ठेवून मग मुठेल लावलं, पंधरा दिवसांत भेगा भरून आल्या. वास थोडा कच्च्या बियांसारखा येतो, सुगंधी क्रीमची सवय असेल त्यांना पहिल्यांदा नाही आवडणार.

आता शेडमध्ये काय बघितलं ते सांगते कारण मला खरी किंमत तिथे कळली. दहा-बारा बायका ओळीत बसून रातांबे फोडत होत्या, साल एकीकडे, गर आणि बिया दुसरीकडे, सगळ्यांची बोटं काळपट झालेली. आम्ही लहान असताना बिया उकिरड्यावर जायच्या, फार तर एखादी आजी घरापुरतं तेल काढायची. मी तसं म्हटलं तर तिथल्या काकी म्हणाल्या, "बियो कित्याक टाकूच्यो? तेल तेच्यातच आसा." खरंच आहे, बीच्या वजनात साधारण पाव भाग तेल असतं. या बिया वाळवून पोत्यात भरून ठेवतात आणि पावसात, जेव्हा बाकी प्रोसेसिंग बंद असतं, तेव्हा फोडून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढतात आणि थंड होत आलं की मुठीत वळतात, म्हणून मुठेल. उरलेली टरफलं चुलीत. म्हणजे सालीचं आगळ आणि आमसूल, गराचा रस पुटाला, बीचं तेल, आणि कामही एका महिन्यापुरतं न राहता पुढे सरकतं. हल्ली बायोइकॉनॉमी, म्हणजे झाडापिकातलं काही वाया न घालवता त्यावर चालणारी कमाई, असं काय काय बोलतात लोक, ते या एका शेडमध्ये मला समोर दिसलं.

आणि हे तेल काही फक्त टाचांपुरतं नाही. सौंदर्यप्रसाधनांत कोकम बटर म्हणून जातं, आणि युरोपियन युनियनच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमात कोको बटरसोबत ५ टक्क्यांपर्यंत चालणारी जी सहा वनस्पती तेलं आहेत त्यात आपलं कोकम आहे. एवढी मागणी असलेली वस्तू, पण नुसत्या वाळक्या बिया पोत्याने विकल्या तर गावात फार थोडे पैसे राहतात, तेल काढून विकलं तर मजुरी पण गावातच राहते. माझा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

झाडाचं पण बघा, कोकमाला खत-फवारणीचं फार काही लागत नाही, बांधावर, ओढ्याकाठी आपोआप उभं असतं. पण फळ मेमध्ये पिकतं आणि वळवाचा एक पाऊस पडला की वाळवण गेलं, त्यामुळे किती तरी फळं झाडाखालीच कुजायची. यांनी प्लॅस्टिकचा सोलर ड्रायर घातलाय, तेवढ्याने फरक पडलाय. नवीन लावायचं असेल तर कलम घ्या असं पण त्यांनी सांगितलं, कारण बी लावलं तर झाड नर निघालं की फळच नाही, आणि ते कळायला बरीच वर्षं जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण अमृता नावाची जात काढलेली आहे, तिची कलमं मिळतात. फळाला पैसे मिळायला लागल्यापासून बांधावरची झाडं तोडायला लोक आता तयार होत नाहीत, हे ऐकून फार बरं वाटलं.

तक्रारी पण लिहिते. कुरिअरने मागवलेली एक बाटली झाकणातून गळली, खोका सगळा लाल. फोटो पाठवला तर दुसरी बाटली फुकट पाठवली, पण झाकणाला सील हवंच. लेबलवर तारीख पेनाने लिहिलेली, ती पुसली जाते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय मानांकन (त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी ओळख) आहे, त्याचा बाटलीवर उल्लेख पण नाही, रीतसर नोंदणी करून घेतली तर त्यांनाच भाव जास्त मिळेल, मी त्यांना तसं कळवलंय.

आगळ लिटरला २०० रुपये पडलं, मुठेलाचा छोटा गोळा १०० ला. सुपरमार्केटच्या सिरपपेक्षा महाग वाटेल पण ते पाणी-साखर आहे, हे दोन-तीन चमच्यांत काम करतं. मेमध्ये फोन उचलत नाहीत, सगळ्यांचे हात रातांब्यात असतात, संध्याकाळी सातनंतर करा. आणि मुठेल हवं असेल तर गणपतीनंतर विचारा, ताजं तेव्हाच मिळतं.